निवडुंग खावा, पण कोणता?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यातील परसबागेविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्याच्या शेवटी ‘निवडुंगाचीही भाजी होते आणि त्याला पाणी जवळजवळ लागत नाही’ असे एक वाक्य होते. ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. लेख आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या घरातील सूनबाई माझ्या पत्नीकडे आल्या आणि त्यांनी विचारले, “काकू, आमच्या बांधावर भरपूर निवडुंग आहे. त्याची भाजी भेंडीसारखी चिरायची की उकडून घ्यायची?” त्यांच्या बांधावर आहे तो त्रिधारी निवडुंग. तो चिरला असता, तर भाजी होण्याआधीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे लागले असते. माण तालुक्यात राहणारा, बरीच वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवलेला आणि गेली सात वर्षे घरामागच्या जागेत खाण्याचा निवडुंग लावून तो नियमितपणे ताटात घेणारा वाचक या नात्याने या वाक्याची उरलेली बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

अडचण मुळात आपल्या भाषेतली आहे. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द आपण काटेरी, मांसल आणि पाण्यावाचून तग धरणाऱ्या कोणत्याही झाडाला सरसकट लावतो. त्यात दोन अगदी वेगळी कुळे एकत्र आली आहेत. त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाला लावतात तो शेर ही युफोर्बिया या वंशातील झाडे. त्यांचा कॅक्टसशी काहीही संबंध नाही. यांचे खोड किंवा फांदी मोडली की पांढरा दुधासारखा चीक वाहू लागतो. हा चीक त्वचेला भाजल्यासारखा लागतो, डोळ्यांत गेला तर तीव्र दाह करतो आणि पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. याउलट फड्या निवडुंग, ज्याला काही ठिकाणी नागफणी म्हणतात, हा खरा कॅक्टस. त्याची चपटी, लांबट-गोल अंगे एकावर एक उगवतात आणि ती नागाच्या फड्यासारखी दिसतात म्हणून त्याला हे नाव, आणि अशा एकेका अंगाला फडा म्हणतात. तो कापला तर पांढरा चीक येत नाही, पाण्यासारखा पारदर्शक आणि बुळबुळीत रस येतो. आपल्या भागात ओळखीची ही एक खूण पाठ करून ठेवली तरी पुष्कळ झाले: पांढरा चीक दिसला, तर ते झाड स्वयंपाकघरात येता कामा नये.

फड्या निवडुंगातही पुन्हा भेद आहे. आपल्या माळांवर आणि जुन्या गावकुसांजवळ अजूनही क्वचित दिसणारा रानटी फड्या लांब काट्यांचा असतो. त्याची लाल बोंडे आमच्या पिढीने लहानपणी दगडावर घासून खाल्ली आहेत आणि लालभडक जीभ घेऊन घरी आल्यावर मारही खाल्ला आहे. कच्छ-सौराष्ट्रात याच जातीच्या बोंडांना फिंडला म्हणतात आणि त्यांचे सरबत बाटल्यांतून विकले जाते. परंतु भाजीसाठी जगभर लावली जाते ती ओपन्शिया फायकस-इंडिका ही जात, आणि तिचे काटे नसलेले वाण. नावात ‘इंडिका’ असले तरी तिचा भारताशी संबंध नाही. ती मूळची मेक्सिकोची. तिथे झाडाला आणि भाजीच्या फड्याला ‘नोपाल’ आणि फळाला ‘तुना’ म्हणतात. मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर जो गरुड बसलेला दिसतो, तो याच निवडुंगावर. मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील मिल्पा आल्ता हा भाग नोपालच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या बाजारात बायका हातातल्या सुरीने फड्यांचे टवके काढून ते भाजीसाठी तयार करून देतात, जसे आपल्याकडे कोणी मोड आलेली कडधान्ये किंवा सोललेले वाल विकावेत. तेथे ही रोजची भाजी आहे, दुष्काळातले नाइलाजाचे खाणे नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे निवडुंग खाण्याचा विषय निघाला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कीव दिसते आणि मग हसू येते. हीच माणसे ड्रॅगन फ्रूट मात्र पाहुण्यांपुढे कौतुकाने ठेवतात, आणि तोही कॅक्टसच आहे.

पाणी कमी लागते म्हणजे नेमके काय, हेही त्या लेखात यायला हवे होते. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी त्यांच्यातले पाणी उन्हाने उडून जाते. निवडुंग हे काम रात्री करतो. रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडून तो कार्बन डायऑक्साइड आत घेतो, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो, आणि दिवसा दारे बंद करून त्या साठ्यावर उन्हात अन्न तयार करतो. त्यामुळे तेवढेच पाणी वापरून तो इतर बहुतेक पिकांपेक्षा कितीतरी जास्त वाढ करून दाखवतो. या व्यवस्थेचा एक परिणाम जिभेलाही कळतो. पहाटे तोडलेला फडा आंबट लागतो, कारण रात्रभर साठलेले आम्ल त्यात असते. दुपारनंतर तोडलेल्या फड्याचा आंबटपणा बराच उतरलेला असतो. आमच्या घरी चुक्यासारखी आंबट भाजी हवी असली तर सकाळी तोडतो आणि नातवंडांसाठी करायची असली तर दुपारी. वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून समजावलेली ही गोष्ट विद्यार्थ्यांना एक-एक तुकडा चाखायला देऊन पाच मिनिटांत समजली असती, हे मला निवृत्तीनंतर सुचले.

आता लावणीविषयी. बी पेरून हा निवडुंग लावू नये. बियांपासून आलेली झाडे काटेरी निघू शकतात आणि वाढायला फार वेळ घेतात. ओळखीच्या, काटे नसलेल्या झाडाचा साधारण वर्षभराचा जुना, निबर फडा सांध्यावर धारदार सुरीने कापून घ्यावा. यानंतरची पायरी आपल्या लोकांना जड जाते, कारण कलम आणले की लगेच मातीत रोवून पाणी घालण्याची आपली सवय आहे. इथे तसे केले तर फडा जखमेतून कुजतो. तो सावलीत, हवेशीर जागी एक ते दोन आठवडे तसाच ठेवावा. कापलेल्या जागी कोरडी, राकट खपली धरली की मगच लावावा. फड्याचा खालचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग मातीत जाईल इतका उभा रोवावा आणि पहिले आठ-दहा दिवस पाणी देऊ नये. मी पहिल्या वर्षी प्रेमापोटी रोज तांब्याभर पाणी घालून चारपैकी तीन फडे घालवले. चौथा वाचला, कारण तो गच्चीच्या टोकाला होता आणि तिथपर्यंत जायचा मला कंटाळा येत असे.

मातीला फार लाड लागत नाहीत, पण तिच्यात पाणी साचू नये. आमच्याकडचा मुरूम, जाडी वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत हे मिश्रण उत्तम ठरले. काळ्या चिकणमातीत लावायचे असेल तर उंचवटा करून त्यावर लावावे. झाडाभोवती आळे करू नये. आपल्याकडे प्रत्येक रोपाला आळे करण्याची जी रीत आहे, ती या झाडाला पावसाळ्यात मारते. कुंडी घ्यायची तर किमान पंधरा इंच रुंद घ्यावी, कारण झाड तीन-चार फडे उंच गेले की जड होते आणि हलकी कुंडी वाऱ्याने उलटते. तळाला भोके पाडलेला जुना पत्र्याचा डबाही चालतो. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन मात्र हवेच. सावलीत झाड जगते, पण फडे लांबट, फिकट आणि मिळमिळीत येतात.

एकदा मूळ धरले की उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांतून एक तांब्या किंवा फार तर अर्धी बादली पाणी पुरते आणि पावसाळ्यात काहीच लागत नाही. ‘पाणी लागतच नाही’ हे मात्र खरे नव्हे. पाणी नाही दिले तरी झाड मरत नाही. पण सुरकुतते, नवे फडे धरत नाही, आणि नवे कोवळे फडे हीच तर आपली भाजी. कपडे धुतलेले साबणाचे किंवा खारट पाणी याला सोसत नाही; हे झाड क्षाराच्या बाबतीत नाजूक आहे, म्हणून ज्यांच्या बोअरचे पाणी मचूळ आहे त्यांनी पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. कोकणातल्या वाचकांनी कुंडीतच लावावे आणि जून ते सप्टेंबर ती पडवीत, पागोळ्यांच्या आत ओढून घ्यावी. देशावर पाच फडे फोफावतील तिथे कोकणात दोनच येतील, आणि भाजीची ददात नसलेल्या त्या भागात हा उद्योग कशाला करायचा, असे कोणी विचारले तर मजजवळ उत्तर नाही.

तोडणी कधी करायची, याची खूण निसर्गानेच ठेवली आहे. नवा फडा फुटतो तेव्हा त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे, मऊ, टोकदार पान असते. निवडुंगाला खरी पाने असतात ती एवढीच आणि तेवढ्याच दिवसांपुरती. ही पाने आहेत तोवर फडा कोवळा असतो. ती गळू लागली की आत धागा धरतो. साधारण तीन-चार आठवड्यांत फडा वीत-दीड वीत भरतो, तेव्हा तो सांध्यावर कापावा, पिरगाळून तोडू नये. पहिले वर्ष काहीच तोडू नये. दुसऱ्या वर्षीपासून आमच्या तीन झाडांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा पावसाच्या उघडिपीत मिळून आम्हा चौघांना आठवड्यातून एकदा पुरेल एवढी भाजी निघते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मात्र झाड थांबते, हे लक्षात ठेवावे. ‘भर उन्हाळ्यात हिरवी भाजी’ अशी जाहिरात मी वाचली आहे, ती माझ्या अनुभवाला धरून नाही.

‘काटे नसलेला’ या शब्दाने कोणी फसू नये. मोठे काटे नसले तरी ठिपक्यांवर केसासारखी बारीक कुसळे असतात आणि ती बोटांत शिरली की दिसत नाहीत, फक्त दोन दिवस टोचत राहतात. फडा चिमट्याने किंवा दुमडलेल्या जाड फडक्याने धरावा, कडा चारही बाजूंनी छाटाव्यात, दोन्ही अंगांवरचे ठिपके सुरी आडवी धरून खरवडून टाकावेत आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. पुढचे काम भेंडीचे आहे असे समजून करावे, कारण बुळबुळीतपणा तितकाच, किंबहुना थोडा अधिक. उभे पातळ काप करून मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे, सुटलेला रस पिळून टाकावा, आणि लोखंडी कढईत मोठ्या आचेवर झाकण न ठेवता परतावे. झाकण ठेवले की तार सुटते आणि मग घरातले कोणी ताटाकडे बघत नाही. मोहरी, हिंग, लसूण, वाळलेली मिरची एवढी फोडणी पुरते. आंबटपणा अंगचाच असल्याने आमसूल लागत नाही. आमच्या घरी सर्वांत खपली ती पीठ पेरून केलेली भाजी. बेसनाने उरलेली बुळबुळ शोषली जाते आणि बाजरीच्या भाकरीबरोबर ती सिमला मिरचीच्या पीठ पेरलेल्या भाजीच्या तोडीची लागते, असे मी म्हणतो. माझी पत्नी म्हणते की तोडीची नाही, पण वाईटही नाही.

गुणधर्मांच्या बाबतीत जरा हात आखडता घेऊन लिहावे, अशी विनंती आहे. शंभर ग्रॅम कच्च्या कोवळ्या फड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, सुमारे १६ कॅलरी, दोन ग्रॅमच्या आसपास तंतू आणि १६४ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आकडा दुधापेक्षा मोठा दिसतो म्हणून कोणी दूध बंद करू नये. या कॅल्शियमचा मोठा भाग ऑक्झलेटच्या रूपात अडकलेला असतो आणि तो शरीराला फारसा मिळत नाही. त्याच कारणाने ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी पालकाइतकीच ही भाजीही जपून खावी. जेवणात नोपाल असल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, असे मेक्सिकोतल्या काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. त्यावरून ‘मधुमेहावर रामबाण’ असे पाकिटावर छापून फड्यांची वाळवलेली पूड विकणारे लोक आपल्याकडे आलेच आहेत. शर्करा उतरवणारी औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना सांगूनच ही भाजी नियमित सुरू करावी.

आणखी एक काळजी घ्यायला हवी, आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे. माझ्या आजोबांच्या सांगण्यात ज्या गावाभोवती निवडुंगाचे दाट कुंपण होते, तिथे मी लहान असताना चार झुडपेही उरली नव्हती. याचे कारण एक कीटक. ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंगासाठी कोचिनील किडा हवा होता, म्हणून १७९५ साली ब्राझीलहून किडा आणून इथल्या निवडुंगावर सोडला. तो नेमका भलत्याच जातीचा निघाला. रंग यथातथाच मिळाला, पण त्याने एका जातीच्या निवडुंगाची रानेच्या राने फस्त केली. उरलेल्या जातींनी दख्खनेत आणि दक्षिणेत शेते गिळायला सुरुवात केली, तेव्हा १९२६ साली श्रीलंकेतून त्याच गोत्राची दुसरी जात मुद्दाम आणून सोडण्यात आली आणि काही वर्षांतच फड्या निवडुंग ओसरला. ऑस्ट्रेलियाने तर याहून वाईट दिवस पाहिले: तिथे या वंशातल्या निवडुंगांनी सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती आणि १९२० च्या दशकात अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ती मोकळी केली.

घरच्या बागेसाठी यातून दोन गोष्टी निघतात. फड्यांवर कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे पुंजके दिसले आणि चिरडल्यावर गडद लाल रंग आला, तर तो हाच किडा किंवा त्याचा जवळचा भाऊबंद समजावा आणि पाण्याच्या जोरदार धारेने, जुन्या दातांच्या ब्रशने घासून तो काढावा; फार पसरला असेल तर तेवढा फडा कापून जाळावा. नुसता पिठ्या ढेकूण असेल तर लाल रंग येत नाही, उपाय तोच. आणि छाटलेले फडे ओढ्यात, डोंगरउतारावर किंवा गायरानात फेकू नयेत. पडेल तिथे मूळ धरणारे हे झाड आहे. उरलेले फडे शेळ्या-म्हशींना घालावेत, त्या आवडीने खातात. पण त्यात पाणीच जास्त आणि प्रथिने कमी असल्याने कडब्याबरोबरच द्यावेत, नुसते दिले तर जनावरांना ढाळ लागते.

चाऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. उरळीकांचनच्या बाएफ संस्थेने काटेविरहित निवडुंग चारा म्हणून कोरडवाहू भागातल्या पशुपालकांपर्यंत पोहोचवला आहे आणि माझी पहिली चार कलमेही अशाच एका पशुपालक मित्राच्या गोठ्यामागून आली. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागानेही २०२२ पासून पाणलोट कार्यक्रमात या पिकाचा पुरस्कार केला आहे. मात्र हे सारे हेक्टरांच्या आणि टनांच्या भाषेत चालले आहे. ज्या घरात हंडाभर पाणी जपून वापरावे लागते, त्या घरातल्या बाईला दोन झाडांची माहिती कोणी देत नाही. ती पोकळी रोपवाटिका भरून काढतात. माझ्या एका नातेवाइकाला एका रोपवाटिकेने ‘खाण्याचा परदेशी निवडुंग’ म्हणून चांगली किंमत घेऊन जे रोप दिले, ते खरचटताच पांढरा चीक आला. असे काही नवे घडते आहे असेही नाही. अमेरिकेत ल्यूथर बरबँक या नामवंत रोपतज्ज्ञाने १९०७ च्या सुमारास काटे नसलेल्या निवडुंगाची मोठी प्रसिद्धी केली, फडे अवाच्या सवा भावाने विकले गेले आणि काही वर्षांतच फुगा फुटला. काटेच नसल्याने जनावरांनी आणि सशांनी झाडे खाऊन टाकली आणि कुंपण घालायचा खर्च लोकांना परवडेना. आमच्याकडे ससे नाहीत, पण शेजारच्या शेळीने एका दुपारी माझी दोन वर्षांची मेहनत संपवली होती, तेव्हा दाराला कडी लावण्याची सूचना मीही करतो.

आपल्याला विनंती एवढीच आहे की, पुरवणीच्या पुढच्या अंकात फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग यांची छायाचित्रे शेजारी शेजारी, रंगीत आणि पुरेशी मोठी छापावीत, आणि त्याखाली पांढऱ्या चिकाची खूण ठळक अक्षरांत द्यावी. शेजारच्या सूनबाईंना मी माझ्या झाडाचे दोन फडे दिले आहेत. ते सध्या त्यांच्या पडवीत खपली धरत पडले आहेत आणि सासूबाई रोज विचारतात, “अजून लावत का नाहीस?”

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
दहिवडी, ता. माण, जि. सातारा